स्मार्ट करारातील मोठ्या याद्यांची प्रारंभिक मांडणी

ब्लॉकचेनवर साठवलेल्या आणि ठरलेल्या अटींनुसार आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीला ‘स्मार्ट करार’ म्हणतात. अशा करारात हजारो नावांची वा मालकीहक्कांची यादी प्रथमच भरणे, हे नेहमीच्या संगणकावरील कामाहून सर्वस्वी निराळे असते.

2015 मध्ये सुरू झालेल्या इथेरियमवर प्रत्येक क्रियेचा खर्च ‘गॅस’ या एककात मोजला जातो. रिकाम्या कप्प्यात 32 बाइटांची नवी नोंद करण्यास किमान 20,000 गॅस लागतो. म्हणजेच 10,000 नोंदींना 20 कोटी. एका ब्लॉकची मर्यादा मात्र 2021 पासून 2025च्या प्रारंभापर्यंत 3 कोटी होती. साहजिकच एवढी यादी एका व्यवहारात भरता येत नाही. पुरवलेला गॅस मध्येच संपल्यास तोवरच्या नोंदी रद्द होतात. शुल्क मात्र परत मिळत नाही.

भरलेली यादी पुन्हा कोरी करतानाही हीच अडचण येते. 2016 मध्ये पॉन्झी योजनेच्या धर्तीवरील ‘गव्हर्नमेंटल’ या खेळात 1,100 ईथरचे बक्षीस त्यामुळे अडकले. बक्षीस देताना देणेकऱ्यांची जुनी यादी पुसण्याची अट आज्ञावलीतच होती. त्यासाठी 50 लाखांहून अधिक गॅस हवा होता आणि ब्लॉकची तत्कालीन मर्यादा सुमारे 47 लाख होती. विजेता ठरला, पण पैसे निघेनात.

यावर तीन उपाय रूढ आहेत. पहिला, यादी टप्प्याटप्प्याने भरणे. 2017 मधील ‘क्रिप्टोपंक्स’ या 10,000 चित्रांच्या करारात प्रारंभीचे मालक गटागटाने नोंदवण्याची सोय होती आणि ते काम संपल्याची खूण केल्याखेरीज इतर व्यवहार खुले होत नसत. ही खूण नसेल, तर अर्धवट यादीवरच व्यवहार सुरू होण्याचा धोका राहतो. दुसरा उपाय, मुळात काहीच न भरणे. सॉलिडिटी भाषेत न भरलेला कप्पा शून्यच वाचला जातो. म्हणून शून्य लिहिण्यासाठी खर्च करण्याचे कारण नसते. तिसरा उपाय ‘मर्कल वृक्षा’चा. यात संपूर्ण यादी बाहेर ठेवून तिची 32 बाइटांची गणिती मुद्रा तेवढी करारात नोंदवतात. सप्टेंबर 2020 मध्ये ‘युनिस्वॅप’ने आपल्या जुन्या वापरकर्त्यांना प्रत्येकी 400 टोकन याच पद्धतीने दिले. हक्कदाराने पुरावा सादर करावा, गॅस स्वतः भरावा आणि आपला वाटा घ्यावा, अशी ती व्यवस्था होती.

एकदा प्रस्थापित झालेल्या कराराची आज्ञावली सहसा बदलता येत नाही. म्हणून यादी किती वाढू शकेल, याचा हिशेब आरंभीच मांडावा लागतो.