मधुमेहिनीचे मातृत्व

चेन्नईच्या दक्षिणेस जुन्या महाबलिपुरम् रस्त्यावर सिरुसेरी हे गाव आहे. परप्रांती नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस ते संगणक-कंपन्यांच्या वसाहतीमुळेच ठाऊक असते. त्याच वसाहतीत मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानाची संशोधनशाळा आहे, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी येते. या नगरीत मधुमेहाच्या विद्येची परंपरा जुनी आहे. डॉ. एम. विश्वनाथन् यांनी १९४८ मध्ये स्टॅन्ले रुग्णालयात मधुमेहींसाठी स्वतंत्र विभाग काढला व १९५४ मध्ये रायपुरम् येथे आपले रुग्णालय स्थापिले. सिरुसेरीची संस्था उभारणारे डॉ. व्ही. मोहन हे त्यांचेच चिरंजीव. या विद्येच्या इतिहासातील एका प्रकरणाचा आम्ही येथे विचार करणार आहोत. बालपणापासून ज्या मुलीस मधुमेह आहे, तिने आई व्हावे काय, आणि व्हावयाचे तर कसे?

प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्त असे दोन भेद सुश्रुताने केले होते आणि पहिल्याचा रोगी कृश असतो हेही त्याने हेरले होते. परंतु निरीक्षण असले तरी उपाय नव्हता. ज्या प्रकारात स्वादुपिंडातील इन्शुलिन जवळजवळ नाहीसे होते, त्यास बळी पडलेली मुले एक-दोन वर्षांत दगावत. अशा मुलीच्या मातृत्वाचा प्रश्नच उद्भवत नसे. १८८२ मध्ये लंडनचे मॅथ्यूज डंकन यांनी मधुमेही गर्भवतींच्या नोंदी एकत्र केल्या, त्या मोजक्या आहेत आणि वाचताना मन विषण्ण होते.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोचण्यात आले आणि हे सारे पालटले. त्याच वर्षी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या एलिझाबेथ ह्यूज अस्थिपंजर अवस्थेत तेथे आली. ती वाचली, पुढे तिचा विवाह झाला व तिला तीन मुले झाली. मात्र आपला आजार तिने जन्मभर जगापासून लपवून ठेवला.

माता वाचू लागल्या, तरी अर्भके दगावतच होती. बोस्टन येथील जॉस्लिन यांच्या चिकित्सालयात डॉ. प्रिसिला व्हाइट यांनी या कामास आयुष्य वाहिले. मधुमेह किती वर्षांचा, डोळे व मूत्रपिंडे कितपत बिघडली, यांवरून गर्भवतींचे वर्ग पाडण्याची त्यांची पद्धत १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. कोपनहेगनच्या योर्गन पेडरसन यांनी कारणाचा उलगडा केला. आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, पण तिचे इन्शुलिन पोहोचत नाही. मग बाळ स्वतःच अधिक इन्शुलिन निर्माण करते, अवाजवी वाढते आणि जन्मल्यावर त्याची साखर एकाएकी उतरते.

तरीही एक कोडे उरले होते. गर्भारपणात उत्तम काळजी घेऊनही काही बाळे हृदयाचे वा मज्जारज्जूचे व्यंग घेऊन का जन्मतात? पूर्व जर्मनीतील कार्ल्सबुर्ग येथून १९८३ मध्ये फुर्मान व त्यांचे सहकारी यांनी याचे उत्तर दिले. गर्भ राहण्यापूर्वीपासूनच ज्यांची साखर काटेकोरपणे आवरली होती, अशा मातांच्या १२८ बाळांपैकी एकातच मोठे व्यंग आढळले. दोन महिने उलटल्यावर उपचारास आलेल्यांत हे प्रमाण शेकडा साडेसात होते. बाळाची मुख्य इंद्रिये पहिल्या सात-आठ आठवड्यांतच घडतात आणि तोवर पुष्कळ स्त्रियांस दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

या शतकाच्या इतिहासाचे सार आमच्या मते हेच होय. लढाईची जागा मागे मागे सरकत गेली. बाळंतिणीच्या खोलीतून गर्भारपणात आणि तेथून गर्भधारणेच्याही आधीच्या महिन्यांत. म्हणूनच आज वैद्य सांगतात की, तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी रक्तचाचणी शक्यतो साडेसहा टक्क्यांखाली आणावी, दहाच्या वर असल्यास थांबावे. डोळे व मूत्रपिंडे तपासावीत. गर्भास अपायकारक औषधे बदलून घ्यावीत. फॉलिक आम्ल आधीपासून घ्यावे. पहिल्या महिन्यांत साखर अकस्मात उतरण्याचे भय असते, उत्तरार्धात इन्शुलिनची गरज पुष्कळ वाढते आणि प्रसूतीनंतर ती झपाट्याने घटते. मुलासही हाच रोग होईल या धास्तीने घरातील वडीलधारी बेचैन होतात. पण आईला तो असता मुलास होण्याचा संभव थोडा असतो, वडिलांस असता होणाऱ्या संभवाहूनही कमी.

आता प्रश्न उरतो तो आमच्या घरांचा. स्थळे पाहताना मुलीचा आजार झाकायचा, ही रीत अद्याप सरलेली नाही. ज्या सुनेला सुई न्हाणीघरात लपून टोचून घ्यावी लागते, तिने आधीचे तीन महिने साखर आवरायची कशी? मध्यरात्री साखर उतरली तर शेजारी निजलेल्या पतीस काय करावयाचे ते ठाऊक हवे. त्यातून आम्हां बदलीच्या नोकरांचे बिऱ्हाड दर तीन वर्षांनी हलते, वैद्य बदलतो, भाषाही बदलते. अशा संसारात तिच्या रक्ताच्या नोंदींची वही सामानाच्या पहिल्या पेटीत जावयास हवी आणि ती वाचता येणारे घरात तिच्याखेरीज आणखी कोणी तरी हवे. एलिझाबेथ ह्यूजला जे लपवावेसे वाटले, ते आपल्या लेकी-सुनांस तरी लपवावे लागू नये.