गाळ्याचे पत्रे गळतात. दुरुस्ती कुणी करायची?

पावसाळा तोंडावर आला की भाड्याच्या गाळ्यांत हा वाद हमखास होतो. करारात वेगळं ठरलं नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार दुरुस्ती मालकाकडे. तोंडी तक्रारीवर राहू नये. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस पोस्टाने पाठवावी. तरीही मालक हलला नाही, तर भाडेकरू स्वतः काम करून खर्च भाड्यातून कापू शकतो. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिना ४,००० भाडं असेल तर १२,००० रुपये. पत्रे, सिमेंट, मिस्त्रीची मजुरी, सगळ्याच्या पावत्या जपाव्यात. मात्र हा कायदा प्रत्येक गावाला लागू नाही. तिथे करारात काय लिहिलंय यावरच बरंचसं ठरतं, म्हणून सही करण्याआधीच ‘छत, भिंतींची दुरुस्ती मालकाकडे’ असं लिहून घ्यावं.