मात्रा

बाराखडी गिरवताना ‘मात्रा’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो. अक्षराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ, एवढंच तिचं रूप. पण ‘वर’ या शब्दातल्या ‘व’वर अशा दोन रेघा ओढल्या की त्याचं ‘वैर’ होतं. पुढे कवितेचं वृत्त सोडवताना तीच मात्रा उच्चाराचा वेळ मोजते: लघूची एक, गुरूची दोन. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलं की वैद्याच्या पुडीतून येते तीही मात्राच. तिथून ती बोलण्यात शिरली. एखाद्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही, एखाद्यावर ती बरोबर लागू पडते, आणि सगळे उपाय थकले की हेमगर्भाची मात्रा आठवते.

मूळ आहे संस्कृतातला ‘मा’ हा धातू, अर्थ मोजणे. मान, माप, प्रमाण, परिमाण, अनुमान, उपमा ही सगळी त्याचीच वंशावळ. ग्रीक भाषेतल्या ‘मेट्रॉन’चं आणि त्यावरून आलेल्या आपल्या मीटरचं नातंही याच घराण्याशी सांगतात. म्हणजे मात्रा म्हणजे मोजून घेतलेलं, ठरावीक इतकंच. मराठीत मात्र या शब्दाने एक पाऊल पुढे टाकलं. धातूंची भस्मं घालून केलेल्या औषधालाच आपण मात्रा म्हणू लागलो. मापाचं नाव वस्तूला मिळालं. त्यात फार मोठं शहाणपण आहे असं मला मनापासून वाटतं, कारण या औषधांत किती घ्यायचं हेच सर्वस्व असतं. पदार्थ तोच, प्रमाण चुकलं की विष.

सहाणेवर बाळगुटी उगाळणारी बाई पाहावी. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ ओळीने मांडलेली. सहाणेवर आईच्या दुधाचे थेंब, आणि एकेक जिन्नस धरून गोल फिरवायचा. तराजू नाही, चमचा नाही. मोजायचे ते वेढे: याचा एक, त्याचे दोन, बाळ मोठं होईल तसे वाढवत न्यायचे. जायफळाचा वेढा जास्त झाला तर मूल गुंगून पडतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. उगाळल्यावर सहाणेवर उरतो तो जेमतेम रंगाचा एक फराटा, आणि तेवढ्यावर सगळा भरवसा.

आहारशास्त्रात लोह, जस्त, तांबं, आयोडीन, सेलेनियम, कोबाल्ट यांच्या गटाला इंग्रजीत ‘ट्रेस एलिमेंट्स’ म्हणतात. ‘ट्रेस’ म्हणजे माग, खूण. रसायनशास्त्रज्ञांना एखाद्या नमुन्यात मूलद्रव्य आहे इतकं कळायचं, पण त्यांच्या तराजूला ते मोजता येत नसे. मग ते वहीत ‘ट्रेस’ एवढीच नोंद करत. म्हणजे ते नाव पदार्थाचं नाही, जुन्या तराजूच्या मर्यादेचं आहे. आपल्याकडची पाठ्यपुस्तकं ‘सूक्ष्म पोषकद्रव्ये’ म्हणतात, शेतीखातं ‘सूक्ष्म अन्नद्रव्ये’ म्हणतं. शब्द चुकीचे नाहीत, पण ते फक्त लहानपणा सांगतात. प्रौढ माणसाच्या अंगात लोह 3 ते 4 ग्रॅम, जस्त सुमारे 2 ग्रॅम, तांबं 100 मिलिग्रॅमच्या आसपास, आयोडीन 15 ते 20 मिलिग्रॅम. हे आकडे लहान आहेत, पण महत्त्वाचं हे की ते ठरलेले आहेत. खालीही आजार, वरही आजार. ‘सूक्ष्म’ या शब्दात ही दोन टोकं मावत नाहीत. ‘मात्रा’ या शब्दात मावतात.

‘धातू’ हा शब्दही इथे थांबून पाहण्यासारखा आहे. मूळ ‘धा’, म्हणजे धारण करणे. जो क्रियापदाला धारण करतो तो व्याकरणातला धातू, जे शरीराला धारण करतात ते आयुर्वेदातले रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र हे सात धातू, आणि खाणीतून निघणारं सोनं-तांबंही धातूच. शरीराच्या घडणीला आणि खनिजाला एकच नाव देणारे लोक रक्तातलं लोह मोजायला बसले नव्हते, हे उघड आहे. तरीही आज रक्ताच्या अहवालात हिमोग्लोबिनचा आकडा वाचताना हे दोन अर्थ एकमेकांजवळ येतात, आणि मला ते आवडतं.

लोहाची कथा रंगापासून सुरू होते. ‘लोह’ म्हणजे मुळात तांबूस. यजुर्वेदातल्या धातूंच्या यादीत श्याम आणि लोह अशी दोन वेगळी नावं येतात. रुद्राच्या आवर्तनात चमक म्हणणाऱ्यांच्या तोंडी ती अजून आहेत. श्याम म्हणजे काळा तो लोखंडाचा, आणि लोह म्हणजे लाल तो तांब्याचा, असा अर्थ अभ्यासक लावतात. पुढे शब्द सरकला, सगळ्याच धातूंना लोह म्हणू लागले आणि शेवटी तो काळ्या धातूवर स्थिरावला. लोह आणि खंड मिळून आपलं लोखंड झालं. ‘लोहित’ मात्र लालच राहिलं, आणि संस्कृतात त्याचा एक अर्थ रक्त असाही आहे.

रक्तात खरोखर लोह आहे हे इटलीत बोलोन्या इथे विन्चेंझो मेंगिनी याने 1740च्या दशकात दाखवलं. त्याने रक्त जाळून राख केली, तिच्याजवळ लोहचुंबक नेलं आणि राखेतले कण उचलले गेले. त्याच्या कितीतरी आधी चरकसंहितेत पांडुरोगावर नवायस चूर्ण सांगितलं आहे: नऊ वनस्पती आणि अयस, म्हणजे लोह. माणूस पांढुरका पडला की लोखंड द्यावं, हे अनुभवाने आलेलं ज्ञान होतं.

जस्ताची वाट वेगळी. ‘जस्त’ हा शब्द ‘यशद’वरून आला, आणि यशद जुन्या वैदिक यादीत नाही. मध्ययुगीन रसग्रंथांतून तो पुढे येतो. याला कारण आहे. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे भट्टीत खनिजातून सुटलं की वाफ होऊन निघून जातं, आणि हवा लागली की त्याची पांढरी राख होते. ते धरायचं तर बंद भांड्यात तापवून वाफ खाली उतरवून थंड करावी लागते. ही युक्ती राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर इथे मोठ्या प्रमाणावर चालत होती. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात त्यासाठी वृंताक मूषा सांगितली आहे. वृंताक म्हणजे वांगं, मूषा म्हणजे सोनाराची मूस. वांग्याच्या आकाराची, लांब देठाची मातीची मूस. जावरला अशा वापरलेल्या मुशींचे ढीग आजही आहेत, आणि तिथल्या जुन्या भिंतींत त्या विटांसारख्या रचलेल्याही दिसतात. युरोपात जस्त गाळण्याचं पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनला मिळालं ते 1738 साली.

शरीराला जस्त लागतं हे समजायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं, आणि ते समजलं एका भारतीयाला. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद 1958 साली इराणात शिराझ इथे काम करत होते. त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांचा. वयात आल्याची एकही खूण अंगावर नव्हती. तो जवळपास निव्वळ बिनआंबवलेल्या रोटीवर जगत होता, आणि माती खायचा. असे तरुण त्या भागात आणखीही होते. फक्त लोह कमी असतं तर वाढ अशी खुंटली नसती, म्हणून प्रसादांनी जस्ताकडे बोट दाखवलं. आधी फारसं कुणी मानलं नाही. पुढे इजिप्तमध्ये त्यांनी तशाच तरुणांची तपासणी केली आणि जस्ताची कमतरता सिद्ध केली. आज जुलाब झालेल्या मुलाला क्षार-संजीवनीबरोबर जस्ताच्या गोळ्या 14 दिवस देतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 साली केलेल्या त्या शिफारशीचं मूळ शिराझच्या त्या तरुणापर्यंत जातं.

रोटीत जस्त नव्हतं असं नाही. धान्याच्या सालीत फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो जस्ताला आणि लोहाला धरून ठेवतो, आतड्यात सोडत नाही. पीठ आंबवलं किंवा कडधान्याला मोड आणले की फायटेट कमी होतं. मटकीची उसळ मोड आणून करणारी, आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवणारी आपली स्वयंपाकघरं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत.

तांब्याबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे, कारण त्याची गोष्ट पुण्यात घडली. ‘ताम्र’चं प्राकृतात तंब, मराठीत तांबं. तांबट त्यावरूनच, कसबा पेठेजवळच्या तांबट आळीत ठोकाठोकीचा आवाज अजून येतो. लोहाला रंगावरून नाव मिळालं, तर तांब्याने आपल्याला रंग दिला: तांबडा. तांबडी माती, तांबडा भोपळा, तांबडा रस्सा. शरीराला तांबं रोज 1 ते 2 मिलिग्रॅम पुरतं. रक्त तयार व्हायला लोहाबरोबर तेही लागतं, हे अमेरिकेत विस्कॉन्सिनला हार्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1928 साली उंदरांवर दाखवलं.

आता ‘कळकणे’ या शब्दाकडे येऊ. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं: हिरवट होतं, चव तुरट होते, जीभ आखडते. इतक्या नेमक्या बिघाडासाठी वेगळं क्रियापद मराठीकडे आहे. त्याचं नातं संस्कृत ‘कलंक’शी, म्हणजे डाग, धातूवर चढलेला गंज. कळकू नये म्हणून भांड्याला आतून कल्हई. हा शब्द अरबी ‘कलई’वरून आला. कलई म्हणजे कथील, आणि ते मलाया द्वीपकल्पातल्या कलाह बंदराचं कथील म्हणून कलई, असं त्याचं मूळ सांगतात. कल्हईवाला दारात आला की भाता, निखारे, नवसागर. भांडं तापलं की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात आतून फिरवायची. पांढरा धूर, आणि पिवळं पातेलं आतून चांदीसारखं.

आंबट पदार्थाबाबत घरं जपत होती. दुधाचा धोका मात्र कुणाला दिसला नव्हता. तान्ह्या आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांना यकृताचा एक जीवघेणा विकार होत असे. वैद्यकात त्याचं नाव ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’. पोट मोठं व्हायचं, यकृत दगडासारखं लागायचं आणि बहुतेक मुलं दगावायची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, तसंच इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतात प्रचंड तांबं असल्याचं पाहून घरातल्या भांड्यांची चौकशी केली. वरचं दूध लवकर सुरू झालेलं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं. 1983 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. दूध बाटलीत ओतताना त्या आईला काहीच वेगळं दिसत नव्हतं. स्टीलची पातेली घरोघर आली, भांड्यांबद्दल सांगणं सुरू झालं, आणि हा आजार आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. ज्या कुटुंबांनी मुलं गमावली त्यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. दूध उकळून देणं ही काळजीच होती.

कोबाल्टचं नाव जर्मन खाणकामगारांच्या भुतांवरून पडलं. ‘कोबोल्ड’ नावाचं खाणीतलं पिशाच चांदीऐवजी हे विषारी वायू सोडणारं खनिज पुढ्यात टाकतं, असं ते मानत. तेच कोबाल्ट ब-12 जीवनसत्त्वाच्या मध्यभागी बसलेलं आहे. डोरोथी हॉजकिन यांनी ती रचना उलगडली. त्यांना 1964 साली नोबेल मिळालं. शाकाहारी घरांतली ब-12ची कमतरता हा पुण्यातच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासाचा मोठा विषय आहे.

सेलेनियमचं नाव चंद्राचं. स्वीडनच्या बर्झेलियसने 1817 साली ते शोधलं. आधी त्याला ते टेल्युरियम वाटलं होतं, आणि टेल्युरियमचं नाव पृथ्वीवरून असल्याने त्याच्या या जवळच्या नातलगाला त्याने चंद्राची ग्रीक देवता सेलीनी हिचं नाव दिलं. आपल्याकडे चंद्राला ‘मास्’ म्हणत, आणि त्याचं मूळही ‘मा’ म्हणजे मोजणे याच धातूत धरतात. सेलेनियम मोजावंच लागतं. रोज 55 मायक्रोग्रॅम पुरे, आणि 400च्या वर धोका. चीनमध्ये केशान परगण्यात मातीत ते कमी म्हणून हृदयविकाराने माणसं मेली. 2024च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस पुंजक्यांनी गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडलं, तेव्हा महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे लक्ष वेधलं. रुग्णांत जस्त कमी असल्याचंही त्यांनी सांगितलं. गहू परप्रांतातून आलेला. एकाच ताटात एक खनिज जास्त आणि दुसरं कमी, असंही होतं.

म्हणून ताटातल्या धान्याचं वाण कोणतं, ते कुठल्या मातीत पिकलं, हा प्रश्न मला औषधाच्या गोळीइतकाच महत्त्वाचा वाटतो. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी बाजरीचं एक वाण निवडून काढलं, ज्यात लोह किलोमागे 70 मिलिग्रॅमच्या आसपास आहे. 2012 साली ते महाराष्ट्रात शेतकऱ्यांना मिळालं. नाव ठेवलं ‘धनशक्ती’. एका अभ्यासात ग्रामीण महाराष्ट्रातल्या 12 ते 16 वयाच्या शाळकरी मुलांच्या एका गटाला या बाजरीची भाकरी रोज दोन वेळा दिली; दुसऱ्या गटालाही बाजरीचीच भाकरी, पण साध्या वाणाची. चार महिन्यांत पहिल्या गटाच्या अंगातला लोहाचा साठा दुसऱ्यापेक्षा अधिक वाढलेला दिसला, आणि सुरुवातीला ज्यांना लोहाची कमतरता होती त्यांच्यात ती भरून निघण्याचं प्रमाणही धनशक्ती खाणाऱ्यांत जास्त निघालं.