जपानी शाळेतील इंग्रजी

जपानी विद्यार्थी सहा-सहा वर्षे इंग्रजी शिकतो आणि तरीही परक्या पाहुण्यापुढे त्याच्या तोंडून एक वाक्य धड फुटत नाही, हा आक्षेप पाश्चात्य शिक्षकांनी इतक्या वेळा घेतला आहे की तो आता सिद्धान्तच होऊन बसला आहे. याचे कारण म्हणून कोणी त्या लोकांचा लाजाळूपणा सांगतो, कोणी परीक्षांकडे बोट दाखवितो. आमच्या मते खरे कारण फार जुने आहे. इंग्रजीचे पाऊल जपानात पडण्यापूर्वी कित्येक शतके ते तेथे रुजले होते.

जपानने चिनी विद्या स्वीकारली तेव्हा चिनी ग्रंथ वाचण्याची एक विलक्षण युक्ती तेथील पंडितांनी काढली. चिनी वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येते. जपानीत, मराठीप्रमाणेच, ते शेवटी येते. तेव्हा मूळ चिनी अक्षरांच्या कडेला बारीक खुणा करावयाच्या, त्यांच्या आधाराने नजर मागे-पुढे फिरवावयाची आणि तेच वाक्य जपानी क्रमाने, जपानी प्रत्यय लावून म्हणावयाचे. चीनमध्ये ते कसे उच्चारतात हे ठाऊक नसले तरी चालते. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावून मग अर्थ सांगण्याच्या आमच्याकडील पद्धतीची वाचकांस येथे आठवण होईल. मात्र आमचा पंडित श्लोक आधी शुद्ध उच्चारून म्हणतो, आणि अन्वय लावल्यावरही भाषा संस्कृतच राहते. जपानी वाचकाच्या हाती उरते ती जपानी. परभाषेचे ज्ञान म्हणजे तिच्यातील ग्रंथाचे ज्ञान, ही समजूत अशी पक्की झाली.

१८०८ साली ‘फेटन’ नावाची इंग्रज युद्धनौका डच निशाण लावून नागासाकीच्या बंदरात शिरली आणि धाकदपटशाने रसद मिळवून निघून गेली. तेथील मुख्य अधिकाऱ्याने आत्महत्या केली. सरकारने आपल्या डच दुभाष्यांस इंग्रजी शिकण्याचा हुकूम सोडला. पण शिकवावयास मिळाला तोही ब्लॉमहॉफ नावाचा एक डचच! पुढे १८४८ मध्ये रॅनल्ड मॅकडोनाल्ड हा साहसी तरुण मुद्दाम जपानच्या किनाऱ्यावर उतरला. त्यास नागासाकीस अटकेत ठेवण्यात आले, आणि तेथे चौदा दुभाषे त्याच्यापुढे इंग्रजी वाचून आपले उच्चार सुधारून घेऊ लागले. त्यांपैकी मोरियामा याने १८५४ साली कमोडोर पेरीशी झालेल्या वाटाघाटीत दुभाष्याचे काम केले.

१८६८ नंतरच्या मेइजी राजवटीत शाळा झपाट्याने वाढल्या आणि इंग्रजी शिकविण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या. उच्चार व संभाषण शिकविणारी ती ‘सेइसोकु’, म्हणजे नियमित. शब्दांना क्रमांचे आकडे देऊन, जुन्या चिनी वाचनाच्याच धर्तीवर, अर्थ तेवढा काढणारी ती ‘हेन्सोकु’, म्हणजे अनियमित. परके शिक्षक थोडे आणि विद्यार्थी अनेक. तेव्हा नावाची अनियमित पद्धतीच वहिवाटीने नियम झाली.

तिची थट्टा करणे सोपे आहे. आम्ही त्या थट्टेत सामील होऊ इच्छीत नाही. अर्थ जपानीत उतरविल्यावाचून वाचन पुरेच होत नसल्यामुळे ‘समाज’, ‘हक्क’ अशा कल्पनांसाठी तेथील विद्वानांस शब्द शोधावेच लागले. तोक्यो विद्यापीठात आरंभी परदेशी अध्यापक इंग्रजीतून व्याख्याने देत. एका पिढीच्या आत ती जागा जपानीने घेतली. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी स्वतः इंग्रजीचा अध्यापक होता. विद्यार्थ्यांचे इंग्रजी खालावले, अशी ओरड होत असता, देशाचे शिक्षण स्वभाषेत व्यवस्थित चालू लागल्याचाच हा स्वाभाविक परिणाम आहे, असे त्याने १९११ साली लिहिले. आमच्याकडे इंग्रजी ही राज्यकर्त्यांची आणि कचेरीची भाषा. ती बोलता येणे म्हणजे नोकरी. आमचे पदवीधर सभा गाजवू लागले खरे, पण आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांत व्याख्याने आजही मुख्यतः इंग्रजीतूनच होतात. कोणते शिक्षण फसले, याचा निवाडा दिसतो तितका सरळ नाही.

१९२२ साली हॅरल्ड पामर हा इंग्रज भाषाशास्त्रज्ञ शिक्षणखात्याचा सल्लागार म्हणून तोक्योस आला. आधी कान, मग जीभ, मग पुस्तक, हा त्याचा क्रम. १९२३ मध्ये त्याने संशोधनसंस्था काढली, पाठ्यपुस्तके लिहिली, आणि १९३६ मध्ये तो परतला. मोजक्या शाळांत त्याची पद्धती उत्तम चालली. देशभर ती पसरली नाही. भाषाशास्त्रदृष्ट्या त्याचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. परंतु ज्या शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण मूक वाचनात झाले, त्याला भरलेल्या वर्गासमोर चुकतमाकत बोलावयास लावणे म्हणजे त्याचे गुरुपणच पणास लावणे होते. गुरूने शिष्यांदेखत अडखळणे ही गोष्ट तेथे क्षुल्लक नाही, आमच्याकडेही नाही.

१९८७ पासून सरकारी योजनेने परदेशी तरुण साहाय्यक म्हणून शाळाशाळांतून येऊ लागले, २००६ साली देशव्यापी प्रवेशपरीक्षेत श्रवणाची चाचणी आली, आणि २०१३ पासून उच्च माध्यमिक शाळांत इंग्रजीचा तास शक्यतो इंग्रजीतच घ्यावा असा दंडक आला. तथापि क्योतो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत लांबलचक इंग्रजी वाक्यांचे जपानी भाषांतर करण्याचा प्रश्न ठाण मांडून बसला आहे, आणि तो सोडविणाऱ्या मुलाची नजर वाक्याच्या शेवटाकडून क्रियापदाकडे अजूनही मागे फिरते.