'मास्टर-स्लेव्ह' या जोडनावाची कुळकथा

केपटाउन येथील वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांनी १९०४ साली आपल्या नाक्षत्र घड्याळाचे वर्णन लिहिताना, जवळजवळ वायुबंद कोठडीत सम तापमानात झुलणारा लंबक एकीकडे आणि चाकांची सारी यंत्रणा दुसरीकडे, अशी कामाची वाटणी सांगून त्या दुसऱ्या यंत्रास 'स्लेव्ह क्लॉक', म्हणजे गुलाम घड्याळ, असे नाव दिले. यंत्रविद्येतील या रूपकाचा जुन्यात जुना दाखला म्हणून हाच मजकूर रॉन एग्लॅश या संशोधकाने २००७ मध्ये पुढे आणला. ज्या केप वसाहतीत गुलामगिरी १८३४ साली कायद्याने रद्द झाली, तिथेच सत्तर वर्षांनी हे बारसे व्हावे, हे नवलच. कदाचित प्रत्यक्ष गुलाम दृष्टीआड झाल्यावरच असा शब्द निर्धास्तपणे वापरता येत असावा.

बरे, वर्णन तरी यथार्थ होते काय? १९२१ मध्ये एडिंबरोच्या वेधशाळेत बसविलेल्या शॉर्ट यांच्या प्रख्यात घड्याळात, निर्वात पात्रातील स्वामी-लंबकास दर अर्ध्या मिनिटाने जो हलका धक्का मिळे, तो सोडण्याचे काम गुलाम घड्याळाकडेच असे आणि सेकंदांची मोजणीही तेच करी. १९६४ च्या डार्टमथ महाविद्यालयातील संगणकव्यवस्थेत लोकांची सारी आकडेमोड 'स्लेव्ह' करी आणि 'मास्टर' केवळ कारभार पाही. येथे मात्र रूपक दुर्दैवाने तंतोतंत जुळले, असे कोणी म्हणेल. पुढे मूळ डेटाबेस आणि त्याच्या नकला यांनाही हीच नावे चिकटली. वास्तविक मूळ बंद पडले की नकलेलाच मूळपदी बसवितात. हा व्यवहार दास्याचा नसून वारसाहक्काचा आहे. म्हणूनच, ही नावे कोणाचे मन दुखवितात या आक्षेपाइतकाच, ती मुळातच चुकीची आहेत हा आक्षेपही मला वजनदार वाटतो.

२००३ साली एका कर्मचाऱ्याने व्हिडिओयंत्रावरील ही अक्षरे पाहून तक्रार गुदरली आणि लॉस एंजेलिस परगण्याने पुरवठादारांना ती टाळण्याची विनंती केली, तेव्हा त्या विनंतीची थट्टाच अधिक झाली. २०१४ मध्ये जँगो आणि ड्रुपल या ओपन सोर्स प्रकल्पांनी नावे बदलली, त्या वेळीही वाद पुष्कळ माजला. परंतु खरी अडचण वादाची नव्हती. संहितेच्या पोटातील नाव हे घरातले नाव असते, ते एका दिवसात बदलता येते. पण जे नाव परक्यांच्या हजारो आज्ञावल्यांत उतरले आहे, ते पुसले तर ज्यांचा या तंट्याशी काडीचाही संबंध नाही त्यांची कामे बंद पडतात.

हा भेद ओळखून तोड काढली ती २०१८ मध्ये रेडिस या डेटाबेसचे कर्ते साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी. मागणी मनापासून पटलेली नसतानाही त्यांनी 'रेप्लिकाऑफ' ही नवी आज्ञा दाखल केली, 'स्लेव्हऑफ' ही जुनीही चालू ठेवली, आणि कोणाचेही काम अडले नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसने हाच शिरस्ता मुदतीसह पाळला: नव्या आज्ञा २०२० पासून येऊ लागल्या, जुन्या २०२४ च्या ८.४ आवृत्तीत काढून टाकल्या. दरम्यान वापरणाऱ्यांना सुमारे साडेतीन वर्षांची सवड मिळाली, आणि बदल मागणारे व जुने वापरकर्ते या दोघांनाही न्याय देणारी याहून चांगली पद्धत माझ्या पाहण्यात नाही. गिटहबने ऑक्टोबर २०२० पासून संहितेच्या नव्या भांडारांच्या मुख्य शाखेस 'मास्टर'ऐवजी 'मेन' म्हणण्यास आरंभ केला, तेव्हाही अस्तित्वातील शाखांना हात लावला नाही.

लिनक्सच्या गाभ्यासाठी जुलै २०२० मध्ये त्याचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांनी जो नियम मान्य केला, त्यात नव्या लेखनात ही जोडी वर्ज्य ठरली. परंतु आधीपासून बाहेरच्या आज्ञावल्या ज्यावर विसंबून आहेत, अशा नावांना स्पष्ट सूट दिली गेली. त्या सुटीमुळेच अनेक नेटवर्क-जोडण्या एकत्र बांधणाऱ्या 'बाँडिंग' प्रणालीतील 'स्लेव्हज' नावाची फाईल अद्याप जागच्या जागी आहे.