दुर्बिणीवर लिहिलेलं ८×४२ म्हणजे काय?

केडगावहून सोलापूरच्या दिशेने निघालं की दौंडनंतर भिगवण येतं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर इथे हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो उतरतात. नुसत्या डोळ्यांना मात्र लांबवर एक गुलाबी रेघ दिसते. नाव जवळ नेली की ती रेघ उडून जाते. म्हणून दुर्बीण हवी. चौफुल्यावरून सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गेलात, तर चिंकाऱ्याच्या बाबतीतही हेच.

दुर्बिणीवरचा पहिला आकडा किती पट मोठं दिसतं ते सांगतो. ८ पट म्हणजे ४०० मीटरवरचा पक्षी ५० मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता ४२ ला ८ ने भागा. उत्तर साधारण ५.३. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत इतके मिलिमीटर रुंद असतो. ८×२५ मध्ये तो जेमतेम ३ भरतो. दुपारी चालून जातं, पण पहाटेच्या अंधूक उजेडात चित्र काळवंडतं. आणि पक्षी बघायची खरी वेळ तर पहाटेचीच!

पुढचं भिंग चित्र उलटं करतं. ते सुलटं करायला आत लोलक बसवलेले असतात. त्यांच्यामुळे प्रकाशाची वाट दुमडते आणि दुर्बीण आखूड होते.

ऑनलाइन जाहिरातीत ‘५० पट’, ‘१०० पट’ दिसलं तर पुढे जा. जितकी पट चित्र मोठं, तितकीच पट हाताची थरथरही मोठी. १० पटीच्या पुढे स्टँडशिवाय चित्र स्थिर राहणं अवघड. पहिल्या खरेदीला ८×४२ घ्या, असं आमचं मत.

घेतल्यावर आधी उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवा आणि डाव्या डोळ्याला स्पष्ट दिसेल असं करा. मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवा. बहुतेक दुर्बिणींत हे एकदाच करावं लागतं. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप खाली दाबून घ्या.

रात्री हीच दुर्बीण चंद्राकडे वळवा, विवरं दिसतात. हात भिंतीला टेकवून धरला तर गुरूचे चार मोठे चंद्रही टिपता येतात. सूर्याकडे मात्र एक क्षणही नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे डोळा भाजला तरी त्या वेळी काहीच जाणवत नाही. लहान मुलांच्या हाती दुर्बीण देताना सूर्य त्यांच्या पाठीमागे राहील असं उभं करा.