लिनक्स कर्नेल आणि ५१२ किलोबाइटची मर्यादा

लिनक्सच्या कर्नेलला, म्हणजे यंत्रसामग्री आणि इतर प्रोग्राम यांच्यामध्ये राहून दोहोंचा व्यवहार चालवणाऱ्या गाभ्याला, आरंभीच्या वर्षांत आकाराची जी मर्यादा पाळावी लागली, तिचे मूळ आयबीएमने १९८१ साली बाजारात आणलेल्या पीसीच्या मेमरीच्या मांडणीत होते. त्या पीसीचा ८०८८ प्रोसेसर १ मेगाबाइटपलीकडे पोहोचू शकत नव्हता, आणि त्यातलाही ६४० किलोबाइटच्या वरचा भाग पडद्यावरील चित्रासाठी आणि बायॉससाठी, म्हणजे यंत्र सुरू होताच चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रामसाठी, राखलेला होता. पुढचा ३८६ प्रोसेसर कितीतरी अधिक मेमरी हाताळू शके. तरीही जुने प्रोग्राम चालावेत म्हणून तो ‘रिअल मोड’मध्ये, म्हणजे ८०८८ च्या रीतीने, सुरू होई आणि डिस्क वाचून देणारी बायॉसची सेवा त्याच अवस्थेत मिळे, म्हणून सुरुवातीला कर्नेल ६४० किलोबाइटच्या आतच भरला जाई.

हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेला बूट सेक्टर, म्हणजे डिस्कवरून सर्वप्रथम वाचला जाणारा ५१२ बाइटचा तुकडा, स्वतःला ५७६ किलोबाइटच्या पत्त्यावर हलवी आणि ६४ किलोबाइटच्या पत्त्यापासून कर्नेल भरू लागे. मधली जागा ५१२ किलोबाइट एवढीच होती. ती पुरेशी आहे आणि रचना साधी ठेवायची आहे, असे टोरवाल्ड्स यांनी त्या कोडमध्येच नोंदवले होते. त्या वेळच्या छोट्या कर्नेलकडे पाहता हा निर्णय योग्यच होता.

नवनव्या डिस्क आणि नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे कोडचे भाग, जसजसे कर्नेलमध्ये येत गेले, तसतशी ही जागा अपुरी पडू लागली. त्यावर झेडइमेज हा उपाय निघाला: कर्नेल जीझिपच्या पद्धतीने आवळायचा, त्याच्यापुढे तो उलगडणारा एक छोटा प्रोग्राम जोडायचा आणि प्रोसेसर ‘प्रोटेक्टेड मोड’मध्ये, म्हणजे सारी मेमरी खुली असलेल्या अवस्थेत, गेल्यावर मूळ कर्नेल १ मेगाबाइटच्या वर उलगडायचा. या युक्तीचे कौतुक रास्त असले, तरी तिने केवळ सवड मिळवून दिली, कारण आवळलेली प्रतिमा, म्हणजे कर्नेलची तयार फाइल, अजूनही त्याच जुन्या जागेत मावावी लागे. ती न मावल्यास कर्नेल बांधणारे साधन चूक दाखवून थांबे. मग काही ड्रायव्हर वगळणे किंवा ते ‘मॉड्यूल’ करणे, म्हणजे कर्नेल सुरू झाल्यानंतर जोडता येतील असे वेगळे तुकडे करणे, एवढेच मार्ग उरत. स्लॅकवेअरसारख्या लिनक्सच्या वितरणांना तर वेगवेगळ्या यंत्रसामग्रीसाठी वेगवेगळ्या बूट फ्लॉपी द्याव्या लागत.

खरा तोडगा पत्ता बदलण्यात होता. हान्स लेर्मेन आणि लिलो या बूटलोडरचे, म्हणजे कर्नेल मेमरीत भरून सुरू करणाऱ्या प्रोग्रामचे, कर्ते वेर्नर आल्मेसबर्गर यांच्या १९९६ मधील कामातून बीझेडइमेज, म्हणजे मोठी झेडइमेज, साकारली आणि आवळलेला कर्नेल थेट १ मेगाबाइटच्या वर भरला जाऊ लागला. यातून एक नवी अडचण उभी राहिली, कारण उलगडलेला कर्नेलही त्याच पत्त्यावर जायचा होता. म्हणून त्याचा एक भाग खालच्या मोकळ्या मेमरीत आणि उरलेला वरच्या भागात उलगडून शेवटी दोन्ही जागच्या जागी जोडले जात. फ्लॉपीची १.४४ मेगाबाइटची मर्यादा मात्र फ्लॉपी वापरणाऱ्यांपुढे उरलीच.

पुढे २.६ मालिकेत बूटलोडरशिवाय थेट फ्लॉपीवरून सुरू होण्याची सोय गेली आणि २००९ च्या २.६.३० आवृत्तीत पीसीसाठीची झेडइमेजही काढून टाकण्यात आली. त्याच आवृत्तीत बीझिप२ आणि एलझेडएमए या अधिक घट्ट आवळणाऱ्या पद्धतींची भर पडली. २०१३ मध्ये एलझेड४ आणि २०२० मध्ये झेडस्टँडर्ड आल्यावर मात्र निवडीचा निकष पालटला आणि प्रतिमा किती लहान होते याइतकाच ती किती वेगाने उलगडते हा विचारही महत्त्वाचा ठरला.